शिट्टी: आवाज, अर्थ आणि उपयोग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली-साताऱ्याकडे शाळेत, ट्रेकच्या गटात आणि पावसाळ्याआधीच्या गल्लीतल्या बैठकीत शिट्टीबद्दल तेच ते प्रश्न येतात. काही कुकरचे असतात, काही इंग्रजीच्या पेपरातले, काही कायद्याचे. इथे ते एकत्र केले आहेत. पुरातल्या शिट्टीवरची उत्तरं लांबली आहेत. ती मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण तो विषय जिवाचा आहे.

शिट्टी वाजते म्हणजे नेमकं काय होतं?

एखादी साधी प्लॅस्टिकची शिट्टी हातात घेऊन नीट बघा. तोंडाकडे एक अरुंद चीर असते, वरच्या बाजूला चौकोनी खिडकी असते आणि त्या खिडकीची पलीकडची कड पातळ, धारदार केलेली असते. फुंकर चिरेतून पट्टीसारखी निघते आणि त्या कडेवर आपटते. मग ती क्षणात पोकळीत शिरते, क्षणात बाहेर वळते. हे आत-बाहेर सेकंदाला हजारो वेळा होतं आणि तेच आपल्याला बारीक, टोकदार आवाज म्हणून ऐकू येतं. पोकळी लहान असेल तर आवाज आणखी बारीक, मोठी असेल तर जाड. आतली गोळी खिडकीसमोरून फिरत राहते आणि हवेची वाट मध्ये मध्ये अडवते, म्हणून गोळीची शिट्टी ‘फुर्रर्र’ वाजते. बिनगोळीची एकसलग वाजते.

ओठांनी घातलेल्या शिळेतही हवा आणि पोकळीच असते, फक्त पोकळी तोंडाची. जीभ पुढे-मागे केली की पोकळीचा आकार बदलतो आणि सूर बदलतो.

हे सगळं सोपं वाटतं, पण चहाच्या किटलीची शिट्टी नेमकी कशी वाजते याचा पक्का उलगडा केंब्रिजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केला. वाफेचं इंजिन त्याच्या कितीतरी आधी म्हातारं होऊन गेलं होतं.

शीळ, शिट्टी आणि भोंगा यांत फरक काय?

ओठांची ती शीळ, वस्तूची ती शिट्टी. बोलताना दोन्हींची सरमिसळ होते आणि त्यात काही बिघडत नाही. भोंगा म्हणजे साखर कारखान्याच्या पाळीचा, दूरवर जाणारा, जाड आवाज.

संकटात शिट्टी कशाला हवी? ओरडलं तर चालत नाही का?

चालतं, पण थोडाच वेळ. माणसाच्या कानाला साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज सर्वांत चटकन ऐकू येतो आणि बहुतेक शिट्ट्या याच पट्ट्यात वाजतात. पाण्याचा लोंढा, सोसाट्याचा वारा, बोटीचं इंजिन यांची घरघर बरीचशी खालच्या पट्टीतली असते. शिट्टी त्या घरघरीवर वेगळी उठते. ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टीला मात्र जोरकस श्वासाएवढी फुंकर पुरते. जखमी माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलालाही ती वाजवता येते.

सांगलीत हे समजावून सांगावं लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. लोक वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर अडकले. अशा वेळी वीज गेलेली असते, फोनची बॅटरी संपलेली असते, अंधार असतो. बोट गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून जाते ती आत माणूस आहे हे कळत नाही म्हणून. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कृष्णा पुन्हा चढली आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. दरडीखाली अडकलेला माणूस फार हालचाल करू शकत नाही, फार ओरडूही शकत नाही. गळ्यात शिट्टी असेल तर तो आहे त्या जागेवरून खूण देऊ शकतो. शोधणाऱ्या पथकांनाही मध्ये मध्ये सगळी यंत्रं बंद करून कान द्यावा लागतो, तेव्हा अशी एक खूण लाखमोलाची ठरते.

समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजावरच्या प्रत्येक लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेली शिट्टी असावीच लागते. विमानातल्या लाइफ जॅकेटलाही ती असते. नदीकाठच्या गावांमध्ये बोटी, दोर, जॅकेट यांची तयारी होते, ती व्हायलाच हवी. पण काही रुपयांची शिट्टी घराघरात अजून पोहोचलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मदतीसाठी शिट्टी किती वेळा वाजवायची?

डोंगरभागात जगभर चालणारी खूण अशी: एका मिनिटात ६ वेळा, म्हणजे साधारण दर १० सेकंदांना एक. मग एक मिनिट गप्प राहायचं. मग पुन्हा ६. ज्याला ऐकू आलं त्याने मिनिटाला ३ शिट्ट्या देऊन उत्तर द्यायचं. ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये ही पद्धत सुचवली आणि आल्प्समधून ती सगळीकडे गेली. काही देशांत मदतीसाठी ३ शिट्ट्यांची खूण चालते, त्यामुळे ऐकणाऱ्याने ३ ऐकल्या तरी त्या सोडून देऊ नयेत.

मधलं गप्प राहण्याचं मिनिट कुणी गाळू नये. उत्तर आलं तर ते त्याच मिनिटात ऐकू येणार. आणि उत्तर आलं म्हणून वाजवणं थांबवू नये, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. तुम्ही जिवंत आहात हे त्यांना कळलंय, पण नेमके कुठे आहात हे अजून कळलेलं नाही. माणसं प्रत्यक्ष समोर येईपर्यंत वाजवत राहा.

सतत, न थांबता फुंकत राहिलं तर दोन तोटे होतात. दम संपतो, आणि लांबून ऐकणाऱ्याला तो खेळण्यातला किंवा वाहतूक पोलिसाचा आवाज वाटतो. मोजून, ठरावीक अंतराने आलेला आवाज ऐकला की माणूस थबकतो.

पण शेजाऱ्यांना या खुणेचा अर्थच माहीत नसेल तर?

मग शिट्टीचा उपयोग निम्माही राहत नाही. आवाजाला अर्थ असतो तो आधी ठरवलेला असतो म्हणून. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव बघा. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि घराघरातले टीव्ही, मोबाइल दीड तासासाठी बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, माणसं एकमेकांशी बोलतात. भोंगा कुणाच्या घरात शिरून टीव्ही बंद करत नाही. गावाने सभेत बसून ठरवलं, म्हणून त्या आवाजाला वजन आलं.

तसंच गल्लीत, सोसायटीत, वाडीवर एकदा बसून ठरवा: ६ म्हणजे मदत, ३ म्हणजे ऐकलं. मेच्या अखेरीस, पाऊस लागायच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून वाजवून बघा. एक जण गच्चीवर, बाकीचे चौकात. कुठपर्यंत ऐकू येतं, कोणत्या बोळात अजिबात पोहोचत नाही, हे तेव्हाच कळतं.

कोणती शिट्टी घ्यावी?

बिनगोळीची, प्लॅस्टिकची, भडक रंगाची. गोळीची शिट्टी भिजली, चिखल गेला किंवा थुंकी साचली की गोळी अडकते आणि आवाज बसतो. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांना ऐन सामन्यात याचाच त्रास झाला आणि त्यातून १९८७ मध्ये त्यांची बिनगोळीची शिट्टी बाजारात आली. आज खेळाच्या साहित्याच्या दुकानांत या धाटणीच्या शिट्ट्या सहज मिळतात. घेताना ती पाण्यात बुडवून, झटकून लगेच वाजवून बघा. वाजली तर घ्या.

दोरी गळ्यात घालणार असाल तर ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपची घ्या. झाडीत किंवा पाण्यात दोरी अडकली तर गळ्याला फास बसू नये.

पोलिसांच्या हातात शिट्टी कधी आली?

१८८३ मध्ये, लंडनमध्ये. त्याआधी तिथले पोलीस लाकडी खुळखुळ्यासारखं यंत्र फिरवून साथीदारांना बोलावत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी दोन सुरांची शिट्टी करून दिली, ती लांबवर पोहोचायची म्हणून स्वीकारली गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी गोळीची शिट्टी काढली. मैदानावर पंचांच्या गळ्यात दिसते ती तिचीच वंशज.

रेल्वेमार्गाशेजारच्या ‘सी/फा’ पाटीचा अर्थ काय?

सीटी/फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी द्या, अशी ती लोको पायलटला सूचना असते. इंग्रजी पाटीवर ‘डब्ल्यू/एल’ असतं. मिरज-पुणे मार्गावर खिडकीत बसलात की पिवळ्या पाट्यांवर ही काळी अक्षरं दिसतात. फाटक पार होईपर्यंत लांब शिट्टी चालू ठेवतात. तुटक तुटक, घाईघाईच्या शिट्ट्या धोक्याच्या. रुळाजवळ असताना त्या ऐकू आल्या तर आधी बाजूला व्हायचं, मग बघायचं.

एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर शिट्टी का वाजवतात?

मागचं ड्रायव्हरला दिसत नाही म्हणून. छोट्या छोट्या शिट्ट्या चालू आहेत तोवर गाडी मागे येत राहते. लांब शिट्टी झाली किंवा पत्र्यावर थाप पडली की ब्रेक. गाडी सुटल्यावर मात्र राज्य घंटीचं: एक बेल थांबा, दोन बेल चला.

कबड्डीत पंचांच्या शिट्टीकडे इतकं लक्ष का ठेवायचं?

चढाईला ३० सेकंद असतात आणि त्या धुमश्चक्रीत घड्याळ कुणालाच दिसत नाही. सांगली-साताऱ्याच्या मैदानांवर गर्दीचा आरडाओरडा एवढा असतो की खेळाडूला स्वतःचा ‘कबड्डी कबड्डी’ही नीट ऐकू येत नाही. शिट्टी होईपर्यंत खेळत राहा आणि शिट्टी झाली की तिथेच थांबा, असं चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडतो. शिट्टीनंतरची धरपकड ही दुखापतीची हमखास वाट आहे.

कुकरच्या किती शिट्ट्या कराव्यात?

आकडा विचारणारे फार, पण आकड्याने काम भागत नाही. मोठ्या आचेवरच्या ४ शिट्ट्या काही मिनिटांत होतात, बारीक आचेवर तेवढ्याच व्हायला बराच वेळ लागतो. डाळ शिजते ती तापमान आणि वेळ यांमुळे. आत साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर जादा दाब तयार झाला की पाणी १२० अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. त्या दाबाला वाफ वरचं वजन उचलते आणि बाहेर पडते, तीच शिट्टी. पहिली शिट्टी झाली की आच कमी करा आणि घड्याळात मिनिटं मोजा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ लावली असेल तर हा हिशेब शिट्ट्यांपेक्षा कितीतरी भरवशाचा.

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लोकांना कुकर जास्तच लागतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पातेल्यात डाळ शिजायला तिथे वेळ लागतो तो त्यामुळे.

कुकरची शिट्टीच होत नसेल तर?

आधी गॅस बंद. वजनाला चमच्याने टोचू नका, झाकण ओढू नका. पूर्ण थंड होऊ द्या. मग झाकण काढून वाफेची नळी उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसायला हवा. डाळीचं साल किंवा भाताचं शीत अडकलेलं असेल तर ते काढून नळी धुवा. रिंग सैल झाली असेल तर कडेने वाफ जात राहते आणि दाबच तयार होत नाही. मग रिंग बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून गेला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवा, एम-सील वगैरे लावून वेळ मारून नेऊ नका.

रात्री शीळ घातली की साप येतो, हे खरं का?

नाही. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतली कंपनं त्याला चांगली कळतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले, काही शे हर्ट्झचे आवाज थोडेफार जाणवतात. ओठांची शीळ साधारणपणे त्याच्या बरीच वर असते. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्या भागात नागाबद्दल श्रद्धाही आहे आणि उत्सुकताही, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. रात्री साप दिसतो तो उंदरांच्या मागे आलेला असतो. शीळ घाला न घाला, पण हातात बॅटरी ठेवा आणि पाय आपटत चाला.

जंगलात ऐकू येणारी शीळ कुणाची?

पावसाळ्याच्या तोंडावर कास, कोयना, महाबळेश्वर भागात पहाटे ओढ्याकाठून माणसाने रमतगमत घातल्यासारखी शीळ ऐकू आली तर तो बहुधा मलबारचा कस्तूर. गडद निळा-काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा डाग. सूर लागता लागता मध्येच भरकटतो, म्हणून इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोर म्हटलं. मी सकाळी ट्रेकला निघालेल्या मुलांना तो ऐकू आला की दोन मिनिटं उभं करतोच.

दुसरी शीळ कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची. शिकारीत पांगलेला कळप ती एकमेकांना शिळेसारखा आवाज देऊन गोळा करतात. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ती आहेत. म्हणूनच बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाताना शिट्टी बरोबर ठेवायची, पण गंमत म्हणून वाजवायची नाही. वन्यप्राण्यांना त्रास देणं कायद्यानेही गुन्हा आहे.

शिळेने बोलता येतं का?

येतं. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर लोक खोल दऱ्यांच्या पलीकडे शिळेतून पूर्ण वाक्यं बोलतात. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं आणि तिथल्या शाळांत ती शिकवली जाते. मेघालयातल्या कोंगथोंग गावात आई प्रत्येक मुलाला स्वतंत्र धून देते आणि रानात त्याला त्या धुनेने हाक मारते. आटपाडी-जतच्या माळावर मेंढका कळप वळवताना जे आवाज काढतो, त्यांचं रेकॉर्डिंग कुणीतरी नीट करून ठेवायला हवं. जुनी माणसं आहेत तोवरच ते होईल.

इंग्रजीत ‘व्हिसल’ शब्दाचे आणखी कोणते अर्थ येतात?

विद्यार्थ्यांना दोन तरी माहीत हवेत. ‘व्हिसलब्लोअर’ म्हणजे संस्थेतला गैरप्रकार आतून उघडकीला आणणारा. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत हत्या झाली. त्यानंतर अशा माणसांच्या संरक्षणाची मागणी जोर धरू लागली आणि २०१४ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा संमत केला. मराठीत ‘जागल्या’ हा शब्द रुळतो आहे. गावची राखण करणारा जागल्या आपल्याला ठाऊक असल्याने तो चपखल बसतो.

‘डॉग व्हिसल’ मूळ फ्रान्सिस गाल्टन यांची, १८७६ ची. माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर. राजकारणात हा शब्द ठरावीक गटालाच कळेल अशा सूचक बोलण्यासाठी वापरतात.

मुलीकडे बघून शिट्टी मारणं गुन्हा आहे का?

हो. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं, आवाज काढणं किंवा हावभाव करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतं. ३ वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाच्या कलम ५०९ मध्ये होतं. तमाशाच्या फडात कलेला पडणारी शिट्टी आणि बसथांब्यावर एकट्या मुलीच्या मागे पडणारी शिट्टी यांची गल्लत कुणी करू नये. मुलींनो, तक्रारीसाठी ११२ वर फोन करा.

कार्यक्रमात माईक ‘कुईं’ करून शिट्टी का मारतो?

स्पीकरमधून निघालेला आवाज माईक पुन्हा उचलतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो, तो पुन्हा स्पीकरमधून येतो. हे चक्र एका सुरावर अडकलं की किंकाळी फुटते. माईक स्पीकरच्या मागे न्या, आवाज थोडा उतरवा. बोलणाऱ्याने माईकची जाळी मुठीत धरू नये, त्याने किंकाळी वाढते.

मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहते. काळजी करावी का?

कानाला इजा झाल्याची ती खूण आहे. बहुतेकदा काही तासांत ती थांबते. दोन दिवसांनंतरही चालू असेल, एकाच कानात असेल, चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा, कारण त्यातला उपचार लवकर सुरू झाला तरच फायदा होतो. वय वाढलं की बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. आजीला बोलणं कळतं पण मोबाइलची बारीक टिकटिक किंवा गॅसजवळच्या टायमरची पिपाणी कळत नाही, ते त्यामुळे. तिच्या हाती शिट्टी द्या, पण मदतीची शिट्टी ऐकण्याची जबाबदारी घरातल्या धाकट्यांकडे ठेवा.

मुलांना शिट्टी दिली तर ती दिवसभर वाजवत बसणार नाहीत का?

पहिले दोन दिवस बसतील. त्यांना मैदानात नेऊन मनसोक्त वाजवू द्या, मात्र कुणाच्या कानाजवळ नाही. मग ६ आणि ३ ची खूण खेळातून शिकवा: एकाने लपायचं आणि ६ शिट्ट्या द्यायच्या, बाकीच्यांनी ३ देत त्याला शोधायचं. त्यानंतर शिट्टी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्याला बांधा. घरातली शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला, बॅटरी आणि कागदपत्रांच्या पिशवीबरोबर टांगून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवून वाजवून बघा. झुरळाचं अंडं किंवा कोळ्याचं जाळं खिडकीत अडकलं तरी ती मुकी होते.